तिसरा मजला, लिफ्ट नाही
सदाशिव पेठेत आमची जुनी इमारत. आई ७८ वर्षांची. गुडघ्यांमुळे दोन महिने खाली उतरलेली नाही. दोरीला पिशवी बांधून भाजी वर ओढते. शेजारीही सगळे सत्तरीपुढचे, मुलं परगावी. वीस वर्षांनी या पेठांचं काय होणार?

उत्तर : २०११च्या जनगणनेतच राज्यात साठीपुढचे सुमारे १० टक्के होते. पुनर्विकासात लिफ्ट मिळेल हो, पण तोवर त्यांनी भाड्याच्या घरात राहायचं?

उत्तर : २०२२पासून पंचाहत्तरीपुढे एसटी मोफत आहे. पण स्वारगेट गाठायचं कसं? फुटपाथवर दुचाक्या! माझे बाबा काठी टेकत रस्त्यातूनच चालतात.

मूळ प्रश्नकर्ती : खरंय. काल आई म्हणाली, ‘एकदा सारसबागेत नेऊन आण गं.’ खुर्चीत बसवून उतरवायला रविवारी दोघं जण येतील का?