आधी कागदावर दाखवा
अ‍ॅप पूर्ण झाल्याशिवाय वापरणाऱ्यांना दाखवण्यात अर्थ नाही, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादकांसाठी अ‍ॅप करताना आम्ही कोड लिहायच्या आधी चार स्क्रीन पेन्सिलीने कागदावर काढून थेट बागेत नेले. "लागवड किती एकर?" या चौकटीवर पहिल्याच काकांचं बोट थांबलं. म्हणाले, "एकराचं काय विचारता भाऊ, खोडं विचारा. पाच हजार आहेत." पुढच्या दोघांनीही खोडंच सांगितली. तिथेच 'एकर' खोडून 'खोडं' लिहिलं. हे तयार अ‍ॅपमध्ये कळलं असतं तर डेटाबेसपासून उकरावं लागलं असतं.

माणसंही फार लागत नाहीत. वेबसाइट-अ‍ॅप वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली हिशोब मांडला होता: पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात, म्हणून पंधरा जणांच्या एका चाचणीपेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्या, मधे दुरुस्ती करत.

फक्त "आवडलं का?" विचारू नका. आपल्याकडे घरी आलेल्याला कोण नाही म्हणतं? चहा पाजतील आणि "छान आहे" म्हणतील. त्याऐवजी "उद्याच्या कापणीची नोंद करून दाखवा" म्हणा आणि बोट कुठे अडतंय ते गप्प बसून बघा.