क्योटोला मिठाई-चहाची गाइडेड टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

ठाणेकर_सूनबाई:
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जपानला चाललोय, मी, नवरा आणि सासूबाई. टोकियो घाईघाईत उरकणार, क्योटोला मात्र चार दिवस निवांत. सासूबाई ७१ वर्षांच्या, चालायला आमच्यापेक्षा खमक्या, पण अंडंसुद्धा खात नाहीत, शुगर बॉर्डरवर आणि वर कवळी. आणि गोडाचं प्रचंड वेड. नौपाड्यात आमच्या सोसायटीत होळीच्या आठ दिवस आधीच त्यांच्या पुरणपोळ्यांची यादी लागते. गेले दोन महिने यूट्यूबवर वागाशीचे व्हिडिओ बघतायत, म्हणजे ती जपानची पारंपरिक मिठाई, पानाफुलांच्या आकाराची, आणि आता म्हणतात मला देवळं दोन कमी दाखवा पण हे खायला घाला.

तर एक टूर सापडलीय, तीन तास चालत, चार दुकानं, शेवटी एका टी-हाउसमध्ये आपल्या हाताने माचा करायचा, म्हणजे तो हिरव्या पत्तीच्या पुडीचा घुसळलेला चहा. माणशी रेट बघून नवरा म्हणाला एवढ्यात प्रशांत कॉर्नरमधून अख्ख्या बिल्डिंगला मिठाई वाटून होईल. मला कळत नाहीये की हे पैसे वर्थ आहेत का, आणि मुख्य म्हणजे अंड्याचं काय करायचं. कोणी गेलंय का?

सीवूड्सचा_भटक्या:
आम्ही मागच्या वर्षी नोव्हेंबरातच केली होती, सहा जणांचा ग्रुप. माझ्या मते घ्या. नवऱ्याला सांगा पैसे मिठाईचे नाहीत, विचारण्याचे आहेत. दुकानात काचेमागे नाजूक रंगीत गोळे मांडलेले असतात, पाटीवर एखाद्या ऋतूचं किंवा कवितेतल्या ओळीचं नाव, आत काय आहे ते त्यावरून ओ की ठो कळत नाही, आणि जुन्या दुकानातल्या आजींना इंग्रजी येत नाही. गाइड असला की तिथल्या तिथे उत्तर मिळतं.

तुमच्या सासूबाईंना सगळ्यात जास्त काय आवडेल सांगू, आन्को. आझुकी नावाची लाल, आपल्या चवळीसारखी दिसणारी कडधान्यं शिजवून केलेलं सारण. अख्खं ठेवलं तर त्सुबुआन, गाळून मऊ केलं तर कोशिआन. म्हणजे पुरणच हो. फक्त आपण डाळ गुळात आटवून मग पुरणयंत्रातून काढतो, ते आधी चाळणीवर घासून सालं वेगळी करतात, तो लगदा पाण्यात धुतात, फडक्यात पिळतात आणि मग साखर घालून आटवतात. माझ्या बायकोने हे गाइडकडून ऐकलं आणि तिथेच उभं राहून दहा मिनिटं प्रश्न विचारले, बाकीचे चार जण ताटकळत. गोडी आपल्या निम्मी, वेलची-जायफळ काही नाही, त्यामुळे पहिल्या घासाला वाटतं काहीतरी राहिलं यात.

नोव्हेंबरात जाताय म्हणून एक खास. त्या महिन्यात चहाच्या समारंभाची जमिनीतली शेगडी उघडतात, आणि तेव्हा इनोको मोची नावाचा प्रकार खातात (मोची म्हणजे चिकट तांदळाचा मऊ गोळा). इनोको म्हणजे रानडुकराचं पिल्लू. सासूबाईंना नाव आधी सांगू नका, आत डुक्कर वगैरे काही नसतं, फक्त आकार तसा.

अंड्याचं: दोरायाकी (आन्को भरलेला पॅनकेक) आणि कास्तेला (स्पंज केक) या दोन्हींत अंडं असतंच, ते सरळ सोडा. योकान म्हणजे आन्कोची वडी, ती कांतेनने जमवतात आणि कांतेन समुद्री शेवाळापासून होतं, त्यामुळे चालेल. क्योटोची पानाफुलांची मिठाई बहुतेक कोनाशीची, डाळीचं सारण आणि गव्हाचं पीठ. वाफवलेल्या मांजूच्या, म्हणजे सारण भरलेल्या गोळ्याच्या, पारीत मात्र अंडं आहे का विचारून घ्या. दोन शब्द पाठ करा, तामागो म्हणजे अंडं, झेराचिन म्हणजे जिलेटिन. आणि टूरमध्ये मध्येच काही खारं आलं तर सावध, सूप-सॉसमध्ये सुकवलेल्या माशाचं पाणी सर्रास असतं. बुकिंग करतानाच लेखी कळवा, त्या दिवशी सकाळी सांगून काही होत नाही.

ऐरोली_लोकल:
माझं मत एकदम उलट. आम्ही घेतली होती तशीच एक टूर, नाव नाही घेत, चौदा जण, गाइडच्या हातात झेंडी आणि आमच्या कानात ते यंत्र. पहिल्या दुकानात एक-एक मोची, दुसऱ्यात कागदी कपात चहा, तिसरं दुकान म्हणजे नुसतं सोव्हेनिअर आणि तिथे पाऊण तास. माचा करायला मिळाला तो दोन मिनिटं, एकाच भांड्यात चौघांनी आळीपाळीने घुसळायचं. आपल्याकडे आग्र्याला टांगेवाला संगमरवराच्या दुकानात नेतो ना, तसंच.

त्यापेक्षा पैसे वाचवा आणि दोन अर्धे दिवस स्वतः काढा. एक सकाळ इमामिया देवळाला. त्याच्या पूर्वेच्या दाराबाहेर समोरासमोर दोन दुकानं, इचिवा आणि काझारिया, दोन्हीकडे एकच पदार्थ, आबुरी मोची. इचिवा सन १००० पासून चालू आहे, हजार वर्षं एकच पदार्थ, आपल्याकडे तीन वर्षांत मेनू बदलतात. अंगठ्याएवढे मोचीचे तुकडे बांबूच्या काडीला लावतात, भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवतात, कोळशावर धरतात, टोकं काळी झाली की वरून गोडसर पांढऱ्या मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा) रस. बाहेरच्या बाकावर बसायचं, बाई चहा आणून देते. यात अंडं नाही, मासा नाही, गाइड लागत नाही.

दुसरा अर्धा दिवस उजी. क्योटो स्टेशनवरून जेआर नारा लाइन, फास्ट मिळाली तर वीसेक मिनिटं, ठाणे ते कुर्ला समजा. तिथे पुलाच्या तोंडाशी त्सुएन नावाचं चहाचं दुकान ११६० पासून आहे. जवळच ब्योदोइन, दहा येनच्या नाण्यावर जे देऊळ आहे ते. मला तर इतिहासात फार रस नाही पण त्या गावात गल्लीत शिरलं की चहा भाजल्याचा जो वास येतो तो अजून नाकात आहे.

सीवूड्सचा_भटक्या:
@ऐरोली_लोकल चौदा जणांच्या टूरला टूर म्हणायचंच नाही साहेब. जास्तीत जास्त आठ जण आणि एकाच भागात फिरणारी घ्यायची, बसने इकडून तिकडे नेणारी नको, हे मी आधी लिहायला हवं होतं. उजीबद्दल मात्र पूर्ण सहमत. तिथे माचाच्या दगडी जात्यावर पत्ती दळताना बघा, तासाला साधारण ४० ग्रॅम निघतो, जास्त वेगाने फिरवलं तर गरम होऊन वास जातो. त्यानंतर डब्याची किंमत बघून राग येत नाही. बाय द वे २०२४ च्या शेवटापासून माचाचा तुटवडा आहे, मोठ्या दुकानांनी माणशी एक-दोन डब्यांची मर्यादा घातली होती, तेव्हा नातेवाइकांची यादी घेऊन जाऊ नका.

ठाणेकर_सूनबाई:
बापरे, दोन्ही पटतंय आता. एक राहिलं, कवळीचं. मोची खूप चिकट असते ना? त्यांना उकडीचे मोदक चालतात पण मागे एकदा चिक्की खाताना कवळी निघून हातात आली होती, तेव्हापासून त्या घाबरतात (कबूल करत नाहीत).

वाशीची_माई:
सूनबाई, मी स्वतः ६८ची, माझीही कवळी आहे, मुलीकडे ओसाकाला दोन महिने राहून आलेय, म्हणून लिहिते. मोची आणि मोदकाची उकड यात फार फरक आहे गं. आपला तांदूळ साधा, त्यांचा चिकट जातीचा, तो वाफवून कुटतात, त्यामुळे ते रबरासारखं लांबतं. दरवर्षी नवीन वर्षाला तिकडे म्हातारी माणसं मोची घशात अडकून दवाखान्यात जातात, सरकारी सूचना निघतात की बारीक तुकडे करून खा. तेव्हा हसण्यावारी नेऊ नकोस. आबुरी मोची छोटी असते, तरी अर्धी-अर्धी करून, मध्ये चहाचा घोट घेत खायला सांग. घाईने नाही.

कवळीला सगळ्यात छान म्हणजे कुझुकिरी. गिओनमध्ये कागिझेन योशिफुसा म्हणून जुनं दुकान आहे तिथे मुलीने नेलं होतं. कुझू नावाच्या मुळाच्या सत्त्वाच्या पारदर्शक पट्ट्या, बर्फाच्या पाण्यात, लाखेच्या डब्यातून येतात. सोबत वाटीत कुरोमित्सु, म्हणजे काळ्या साखरेचा पाक, डोळे मिटून खाल्लं तर आपली काकवी. पट्टी उचलायची, काकवीत बुडवायची, गिळायची, चावायचं कामच नाही. शुगरसाठी काकवी थोडीच घ्यायची, उरलेली मी खुशाल वाटीत सोडली.

आणि माचाचं ऐक. मिठाई आधी पूर्ण खायची, मग चहा प्यायचा. मी पहिल्यांदा आपल्या सवयीने बिस्किटासारखं एक घास एक घोट करायला गेले आणि समोरची बाई काही बोलली नाही पण हसली. तोंडात गोडवा भरलेला असताना तो कडू हिरवा घोट येतो तेव्हा कळतं मिठाई इतकी साधी का ठेवलीय. घुसळताना रवीसारखं गोल गोल फिरवू नका, त्या चासेनने, म्हणजे बांबूच्या घुसळणीने, मनगटातून भराभर पुढे-मागे करायचं, बुडाला टेकवायचं नाही, मग वर बारीक फेस येतो. माझा फेस नाही आला, पंचेचाळीस वर्षं ताक घुसळलेला हात ऐकेना.

रात्री झोपेचा त्रास असेल तर संध्याकाळी माचा नको, होजिचा मागा, भाजलेल्या पत्तीचा, हलका असतो. आल्याचा चहा विसराच दहा दिवस. मी टी-बॅगा नेल्या होत्या.

हलव्याचे_दागिने:
इथे कोणी कोनपेइतो नाही लिहिलं म्हणून खास लॉगिन केलं. मी घरून संक्रांतीला हलव्याचे दागिने करते, ठाण्यातच. क्योटोला र्योकुजुआन शिमिझु नावाचं दुकान आहे, १८४७ पासून, फक्त कोनपेइतो करतात. आणि कोनपेइतो म्हणजे आपला काटेरी हलवा! कणाभोवती पाकाचा थर, मोठ्या तिरक्या कढईत फिरवत फिरवत, थोडा पाक, वाळू द्या, परत थोडा पाक, असे दोनेक आठवडे. मी तीळ परातीत घेऊन मंद शेगडीवर चमच्या-चमच्याने पाक सोडते, बोटांची टोकं भाजतात, काटा उठायला लागला की हात थांबवायचा नाही, मध्येच फोन आला तर सगळं पीठ होतं. तिकडची कढई बघून मला रडू यायचं बाकी होतं, इतकं ओळखीचं.

तो पदार्थ त्यांच्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गेला, कास्तेलासुद्धा. तेच पोर्तुगीज आपल्या ठाण्यात १७३७ पर्यंत होते, मराठ्यांनी काढेपर्यंत. आपला हलवा त्यांच्यामुळे आला असं मी म्हणत नाहीये हं, भांडू नका.

सासूबाईंना हे दुकान नक्की दाखवा, अंड्याचा प्रश्न नाही, कवळीला चोखून खायचं, आणि टिकतं. बाकी ओली मिठाई पिशवीत भरून आणायचा विचार करू नका, ती त्याच दिवशी खायची असते, मोची तर दुसऱ्या दिवशी दगड. आणायचंच तर बंद पाकिटातला योकान आणा.

ठाणेकर_सूनबाई:
तुम्ही सगळ्यांनी डोकंच हलकं केलंत. माई, तुमचा मेसेज सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला, कवळीवाल्या ओळीला त्या म्हणाल्या मला काही होत नाही, आणि मग हळूच विचारलं की त्या काकवीच्या दुकानाचं नाव काय.

ठरलं असं की छोट्या ग्रुपची टूर पहिल्याच दिवशी, म्हणजे शब्द आणि पदार्थ ओळखता येतील, मग बाकी आपलं आपण. ज्या टूरवाल्यांना मेल केला त्यांचं उत्तर आलं, जास्तीत जास्त सहा जण, अंडं नको हे आधी कळवलं तर दुकानांना सांगून ठेवतात. नवरा अजून रेटबद्दल कुरकुरतोय पण इमामियाचे हजार वर्षं ऐकून जरा गप्प झालाय. सासूबाईंनी पुरणयंत्राचा फोटो काढून ठेवलाय मोबाइलमध्ये, गाइडला दाखवायला. आणि हलव्याची एक छोटी डबी घेऊन जायचं म्हणतायत, त्या कोनपेइतोवाल्यांना द्यायला. @हलव्याचे_दागिने, नोव्हेंबरात करून मिळेल का थोडा?

हलव्याचे_दागिने:
थंडी नसताना काटा नीट उठत नाही, पण एसी लावून बघते. पाव किलो पुरे ना? मेसेज करा.

ऐरोली_लोकल:
इचिवा बुधवारी बंद असतं, तेवढं बघून जा.