सहा महिने बारा दिवस: सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूत तुम्हाला काय काय विचारलं?

सांगलीची_लेक
काल कपाट आवरताना कोपरा कापलेला जुना भारतीय पासपोर्ट हाती लागला आणि सगळं परत आठवलं. १४ डिसेंबर २०१९ ला बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीला गेले. त्याच्या पंधरा दिवस आधी नोकरी सोडली होती, कारण रजा मिळेना. परतीचं तिकीट २८ मार्चचं. पुढचं सांगायला नकोच. कोविडमध्ये अडकलेल्यांसाठीच्या 'वंदे भारत मिशन'च्या विमानाने जूनच्या २६ तारखेला न्यू जर्सीत परत. म्हणजे सहा महिने बारा दिवस.

२०२१ मध्ये एन-४००, म्हणजे अमेरिकन सिटिझनशिपचा अर्ज, भरला, इंटरव्ह्यू पुढच्या उन्हाळ्यात. बाई लाल पेनाने एकेका प्रवासापुढे टिक करत होती. त्या ओळीवर पेन थांबलं. सहा महिन्यांच्या वर बाहेर गेलात की सिटिझनशिपसाठी लागणारं सलग वास्तव्य मोडलं असं ते धरूनच चालतात, मोडलं नाही हे आपण दाखवायचं. इथली नोकरी सोडली नव्हती, कुटुंब इथेच होतं, घर इथे होतं, तिकडे नोकरी धरली नाही, हे ते बघतात. माझी पहिलीच विकेट गेलेली! नवऱ्याच्या आणि माझ्या नावावरचं लीज, लेकीच्या शाळेची पत्रं, एकत्र भरलेला टॅक्स, रद्द झालेल्या तिकिटाची ईमेल, सगळं पुढे ठेवलं. तिने विचारलं, "तिकडे काही काम केलंत?" म्हटलं, बाबांच्या गोळ्या आणि मऊ भात. हसली नाही. पण झालं एकदाचं. तुमचं काय?

बेंचवरचा_बाळू
माझा प्रवास शून्य, पण नोकरीत पाच महिन्यांचं भगदाड. प्रोजेक्ट संपलं, पुढचं मिळेना. फॉर्ममध्ये सरळ "बेरोजगार" लिहिलं, तारखांसकट. मित्र म्हणत होता मागच्या कंपनीच्या तारखा ओढूनताणून जुळव. अजिबात नाही! शपथेवर बसायचं असतं तिथे. साहेबाने एकच विचारलं, भाडं कसं भरलं? बायकोच्या पगारातून. ती बाहेर बसली होती, तिला हे अजून ऐकवायला आवडतं.

दोन_पिल्लांची_आई
बाळू, हाहा. मी तर आठ वर्षं गृहिणी, एच-४ (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर मिळणारा व्हिसा) पासूनच. धाकधूक होती की पाच वर्षांच्या नोकरीच्या रकान्यात नुसतं "होममेकर" कसं दिसेल. कोणी ढुंकून पाहिलं नाही.
लेक, बाबा कसे आहेत आता?

सांगलीची_लेक
काठी घेऊन गणपती मंदिरापर्यंत जाऊन येतात गं. आणि काठी विसरून येतात.

ब्रॅम्प्टनकर
आमच्या कॅनडाचं गणित वेगळं. पाच वर्षांत १०९५ दिवस प्रत्यक्ष हजर. माझे भरत होते, पण कामाच्या इतिहासात दोन नोकऱ्यांमध्ये सात आठवडे कोरे राहिले. अख्खा अर्ज परत आला! "बेरोजगार" एवढाच शब्द लिहायचा राहिला होता. चार महिने गेले त्यात. तेव्हापासून बायको वाणसामानाच्या यादीतही तारीख घालते.

पुणे_टू_प्लेनो
आमचे सासरे दरवर्षी पाच महिने पुण्यात. सहाच्या आत म्हणून निर्धास्त. पण सलग वास्तव्य वेगळं आणि प्रत्यक्ष दिवस वेगळे, पाच वर्षांत किमान तीस महिने अंगाने इथे हवेत. त्यांचा नियम, "मी पेन्शनर आहे, मला कोण विचारतंय!" विचारलं ना. दरवर्षी इतका काळ तिकडे, मग घर नक्की कुठलं? पर्वतीवर फिरायला जातो हे त्यांनी उत्साहाने सांगितलं. मी बाहेर नखं खात.
टीप: निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस, दोन्ही अमेरिकेतले धरतात. शिक्के पुसट झालेत म्हणून आम्ही आय-९४ चा (अमेरिकेत आल्या-गेल्याची सरकारी नोंद) प्रवास-इतिहास ऑनलाइन काढला, तरी तीन तारखा त्यांच्या डायरीतूनच जुळल्या. डायरीत दुधाचा हिशोबही होता.

शंकासुर
री-एंट्री परमिट (ग्रीन कार्डवाल्यांना जास्त काळ बाहेर राहून परत येण्याची परवानगी) काढून दीड वर्ष भारतात राहिलं तर चालतं ना? चुलतभाऊ म्हणतो चालतं.

पुणे_टू_प्लेनो
ग्रीन कार्ड वाचतं, सिटिझनशिपची वर्षं नाही वाचत. वर्षभर बाहेर राहिलात की सलगपणा मोडलाच. परत आल्यापासून साधारण चार वर्षं आणि एक दिवस थांबायचं. चुलतभावाला सांगा वकिलाला भेटायला.

शंकासुर
अरे बापरे. तो ऑलरेडी नाशकात आहे. द्राक्षांची बाग बघतोय.

कढीपत्ता_अंकल
आता तर ऑगस्ट २०२५ पासून शेजाऱ्यांकडे चौकशी करण्याची जुनी पद्धत परत आणायचं जाहीर केलंय. माझी शेजारीण मला फक्त कढीपत्त्यावरून ओळखते. ती काय सांगणार, "माणूस चांगला आहे, पण झाड माझ्या कुंपणावर येतं"?

दोन_पिल्लांची_आई
अंकल, कढीपत्ता थंडीत टिकतो का तुमच्याकडे? माझी तीन रोपं गेली.

बेंचवरचा_बाळू
आमच्या वेळी सिव्हिक्सच्या (अमेरिकेचा इतिहास आणि सरकार) परीक्षेत १०० प्रश्नांतले दहा विचारायचे, सहा आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ मधले वीस, बारा बरोबर हवेत. भाचा गाडीत ऐकत बसतो. आता आमची आईसुद्धा सिनेटर किती ते सांगते.

कढीपत्ता_अंकल
@दोन_पिल्लांची_आई कुंडी ऑक्टोबरमध्येच आत घ्या, खिडकीशी. पाणी कमी. पानं गळली तर घाबरू नका, खोड हिरवं आहे का नखाने खरवडून बघा.

सांगलीची_लेक
धागा कढीपत्त्यावर गेला, म्हणजे सगळे बरे आहात. अंकल, एक रोप न्यू जर्सीला पाठवाल का?