प्रायमरी हरले आणि शिक्का मारून महापौर झाले: बफेलोत बायरन ब्राऊननी केलं ते बरोबर होतं का?

वाईकर:
बफेलोत सहा वर्षं काढून पुण्याला परत आलोय, तरी हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातलं मध्यम शहर, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख ७८ हजार. बायरन ब्राऊन तिथे २००६ पासून महापौर, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, लागोपाठ चार टर्म. २०२१ च्या जूनमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत मतदानात, त्यांच्यासमोर इंडिया वॉल्टन उभ्या राहिल्या. नर्सचं काम केलेली बाई, चौदाव्या वर्षी आई झालेली, स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणारी. ब्राऊननी त्यांना हिशेबातच धरलं नाही, डिबेटला गेले नाहीत, प्रचारही नावापुरता. आणि वॉल्टन हजारेक मतांनी जिंकल्या!

बफेलोत डेमोक्रॅट उमेदवारी मिळाली की निवडून आल्यातच जमा, रिपब्लिकनांनी तर उमेदवारच दिला नव्हता. त्यामुळे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर छापलेलं नाव एकच, वॉल्टन यांचं. ब्राऊन अपक्ष म्हणून नाव छापून घ्यायला कोर्टात गेले, आधी मिळालं, मग वरच्या कोर्टांनी ते काढून टाकलं कारण अर्जाची मुदत मे महिन्यातच संपली होती. मग उरलं राइट-इन. म्हणजे मतपत्रिकेवर एक रिकामी चौकट असते, तिथे मतदाराने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं किंवा नावाचा शिक्का मारायचा. त्यांच्या माणसांनी रबरी शिक्के वाटले आणि ५९ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन ब्राऊन पाचव्यांदा महापौर झाले.

कायद्याने चुकीचं काहीच नव्हतं, मान्य. पण मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आपल्याकडे बंडखोरी होते तेव्हा तिकीट वरून कापलेलं असतं, एबी फॉर्म भलत्याच्याच हातात पडतो, वीस वर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता चिडून अपक्ष उभा राहतो, ते मी समजू शकतो. इथे तिकीट कुठल्या श्रेष्ठींनी कापलं नव्हतं, मतदारांनी कापलं होतं. बंडखोरी मतदारांविरुद्ध झाली. जिंकलो असतो तर निकाल मान्य, हरलो तर पुन्हा खेळू, असं चालत असेल तर जूनमध्ये रांगेत उभं राहणाऱ्याने कशाला यायचं?

स्नेहल_एन:
वाईकर, तुम्ही इथे होतात पण मतदार नव्हतात, मी होते. हर्टेल अॅव्हेन्यूजवळ राहते, नागरिकत्व २०१९ मध्ये मिळालं, आणि मी कुठल्याच पक्षात नाव नोंदवलेलं नव्हतं. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद असते, पक्षात नोंदणी असेल तरच मत, आणि ती नोंदणीही महिनोन्‌महिने आधी केलेली हवी. म्हणजे जूनमध्ये माझ्या शहराचा महापौर ठरला आणि मी घरात बसून बातम्या बघत होते. मला कोणी विचारलंच नव्हतं हो!

जूनमध्ये मतं पडली २३ हजारांच्या आसपास. नोव्हेंबरमध्ये साठ हजारांच्या वर. मग शहराचा कौल कुठला धरायचा? तुम्ही मतदार मतदार म्हणताय ते पक्षातले मतदार, त्यातलेही जे उन्हाळ्यात बाहेर पडले तेवढेच.

आणि राइट-इन सोपं असतं असं कोणाला वाटत असेल तर सांगते. शिक्का माझ्या मैत्रिणीने आणून दिला, अंगठ्याएवढा, आतच शाई असलेला. घरी जुन्या बिलाच्या पाठीवर चार वेळा मारून बघितला, एकदा ब्राऊनमधला शेवटचा एन अर्धाच उठला, एकदा सगळं तिरकं गेलं. बूथवर हात थरथरत होता कारण चौकट अगदी अरुंद आणि बाहेर गेलं तर मत बाद होईल ही भीती. शेवटी शिक्का पर्समध्येच ठेवला आणि पेनाने लिहिलं, एकेक अक्षर सुटं. छापलेल्या नावापुढचा गोल काळा करणं किती सोपं होतं, तरी हजारो लोकांनी हे केलं. हे मतदारांविरुद्ध कसं?

तिफण:
स्नेहलताई, तुमच्या मताचा आदर आहे, पण प्रायमरी बंद असणं ही राज्याच्या कायद्याची चूक, वॉल्टनची नाही. आणि ब्राऊन याच बंद प्रायमरीतून आधी चार वेळा निवडून आले, तेव्हा त्यांना अपक्ष मतदारांची आठवण झाल्याचं ऐकलं नाही. पाचव्या वेळी अंगाशी आलं म्हणून पद्धत वाईट?

दुसरं म्हणजे ती साठ हजारातली वाढीव मतं कोणाची होती तेही बघा. रिपब्लिकनांचा उमेदवार नाही, मग त्यांचे मतदार कुठे गेले हे सांगायला पाहिजे का. पैसा बिल्डर लोकांकडून आला. वॉल्टन काय करत होत्या? फ्रूट बेल्ट भागात जमीन वस्तीच्या ट्रस्टकडे राहावी, घरं महाग होऊन जुन्या लोकांना हुसकलं जाऊ नये, हे काम. शेजारी मेडिकल कॅम्पस वाढतोय, जमिनीला सोन्याचा भाव, आणि अशी बाई महापौर होणार म्हटल्यावर कोणाच्या पोटात गोळा येणार ते उघड आहे. १९६० मध्ये मिलवॉकीचे फ्रँक झायडलर पायउतार झाले त्यानंतर अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहरात समाजवादी महापौर झाला नव्हता, ती संधी अशी गेली.

अभय८१:
दोन्हीकडून भावना जास्त होताहेत. राइट-इन ही काही ब्राऊननी शोधून काढलेली पळवाट नाही. २०१० मध्ये अलास्कात सिनेटर लिसा मर्कोव्स्की रिपब्लिकन प्रायमरी हरल्या आणि राइट-इननेच परत निवडून आल्या, तेव्हा त्यांना हरवणारा माणूस टोकाचा उजवा होता म्हणून उदारमतवादी लोकांनी टाळ्याच वाजवल्या. मग नियम एकच ठेवा. आपला माणूस असेल तर मतदाराचं स्वातंत्र्य आणि समोरचा असेल तर रडीचा डाव, असं करू नका.

अनेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याचं नाव नोव्हेंबरमध्ये छापता येत नाही, तो कायदा मला योग्यच वाटतो. पण मतदाराच्या हातातलं पेन काढून घेता येत नाही, घेऊही नये. छापील यादीबाहेरचं नाव लिहायची मुभा आपल्याकडे नाही, आपल्याकडे फार तर नोटा. मला तर हेवा वाटतो.

वाईकर:
अभय, मर्कोव्स्कींबद्दलही माझं मत हेच आहे, त्यामुळे तो बाण मला लागत नाही. पेन काढून घ्या असं मी म्हणतच नाहीये. स्नेहलताईंनी मनाने ब्राऊन लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता, मी उमेदवाराबद्दल बोलतोय. जो माणूस स्वतः एकेकाळी राज्याच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्ष होता, त्याने स्वतःच्या पक्षाच्या मतदारांचा निकाल पाडायला दुसऱ्या पक्षाची मतं गोळा करावीत?

एक मात्र ताईंचं मान्य. साठ हजारांपुढे तेवीस हजार, हा आकडा मला तेव्हाही टोचला होता.

गोदाकाठ:
मी मेन स्ट्रीटच्या पूर्वेला चार वर्षं राहिले, भाडं परवडायचं म्हणून. मेन स्ट्रीट ही बफेलोची फाळणीची रेघ आहे, पूर्वेला बहुतेक वस्ती कृष्णवर्णीयांची, आणि अख्ख्या त्या भागात धड सुपरमार्केट म्हणजे जेफरसन अॅव्हेन्यूवरचं टॉप्स. २०२२ च्या मे महिन्यात त्याच दुकानात एका वर्णद्वेष्ट्याने दहा जणांना मारलं. मी तिथूनच दूध आणि भाजी आणायचे. त्यानंतर कित्येक आठवडे दुकान बंद आणि शेजारच्या आजींना बटाट्यासाठी दोन बस बदलायला लागत होत्या. त्याच वर्षी डिसेंबरचं हिमवादळ, परगण्यात सत्तेचाळीस माणसं गेली, आमची गल्ली किती दिवस साफच झाली नाही.

हे सगळं ब्राऊनमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण सोळा वर्षं महापौर असलेल्या माणसाला पूर्वेकडे दुसरं एक दुकान आणता आलं नाही, बर्फाच्या गाड्या वेळेवर आणता आल्या नाहीत. तरी तुम्हा दोघांना एक सांगते जे तुम्हाला आवडणार नाही, त्याच आजींनी ब्राऊननाच मत दिलं होतं. शिक्का नीट रुमालात गुंडाळून ठेवलेला. म्हणाल्या, पहिल्यांदा आमच्यातला माणूस तिथे बसला, त्याला मी असं जाऊ देणार नाही. त्यामुळे बिल्डर आणि रिपब्लिकन एवढंच सांगून तिफण यांना सुटता येणार नाही.

तिफण:
हे मला माहीत नव्हतं. आजींसारखे बरेच असणार, मान्य. तरी निवडून आल्यावर त्या विश्वासाचं त्यांनी काय केलं? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये टर्म अर्धवट टाकून गेले, घोड्यांच्या शर्यतीवर बेटिंग चालवणाऱ्या सरकारी कंपनीचे प्रमुख व्हायला. शहर क्रिस स्कॅनलन यांच्या हाती, तेही हंगामी.

स्नेहल_एन:
त्याचा राग मलाही आला आणि अजून आहे. एवढं जिवावर उदार होऊन निवडणूक लढवायची, लोकांना एकेक अक्षर लिहायला लावायचं आणि वर्षभर बाकी असताना निघून जायचं. पण म्हणून २०२१ चं माझं मत चुकलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा मला मत द्यायला तेवढीच एक जागा होती.

त्यानंतर मी एक केलं. पक्ष आवडतो म्हणून नाही, पण फॉर्म भरून डेमोक्रॅट म्हणून नाव नोंदवलं, कारण परत घरात बसून बघायचं नव्हतं. २०२५ च्या जूनमध्ये शॉन रायन यांनी स्कॅनलनना हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये तेच महापौर म्हणून निवडून आले. मी जूनमध्ये सकाळी नऊला बूथवर गेले. मतपत्रिका मशीनमध्ये घातली तेव्हा वरचा आकडा बेचाळीस झाला. सहा वाजल्यापासून उघडं होतं.