आडनाव 'कर', पण केलं काय? असं विचारणाऱ्या महाशयांना

खडूफळा:
परवा इथे एकाने अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या क्लार्क करबद्दल लिहिलं, "बर्कलीचा क्लार्क कर म्हणजे मांडवली करणारा कारकून. आडनाव कर, पण केलं काहीच नाही. पोरांनी पोलिसांची गाडी अडवली, गव्हर्नर रेगनने हाकललं, संपली कारकीर्द." कोटी चांगली जमलीये, बाकी सगळं चूक. रात्री वाचलं आणि डोकंच फिरलं, त्यामुळे जरा लांब लिहितोय.

हा माणूस मूळचा कामगार-मालक तंट्यांतला लवाद. १९४९ ला रीजंट्सनी, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या नियामक मंडळाने, प्राध्यापकांकडून 'मी कम्युनिस्ट नाही' असं लिहून घ्यायचं काढलं, आणि पुढच्या वर्षी सही न करणाऱ्या ३१ जणांना घरी पाठवलं. करने स्वतः सही केली होती, पण न करणाऱ्यांसाठी प्राध्यापकांच्या समितीत भांडला तो हाच. म्हणून १९५२ ला युनिव्हर्सिटीच्या बर्कली कॅम्पसला पहिल्यांदा चॅन्सलर, म्हणजे कॅम्पसप्रमुख, नेमायची वेळ आली तेव्हा प्राध्यापकांना हा आपला वाटला. पद तरी काय, नावालाच. वर सगळ्या कॅम्पसांचे अध्यक्ष स्प्राउल, त्यांच्या हातून टाचणी सुटत नव्हती. तिथून हा १९५८ ला सगळ्या युनिव्हर्सिटीचा अध्यक्ष झाला आणि १९६० चा राज्याच्या उच्चशिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. वरच्या एक अष्टमांश पोरांना युनिव्हर्सिटी, वरच्या एक तृतीयांशाला स्टेट कॉलेज, उरलेल्या कुणालाही दोन वर्षांचं कॉलेज, आणि राज्यातल्या पोरांना ट्यूशन नाही. तोवर या तिन्ही संस्था एकमेकींचे पाय ओढत होत्या, त्यांना एका टेबलावर बसवून हे मान्य करून घेतलं. याला मांडवली म्हणायचं असेल तर असे मांडवलीवाले आम्हाला डझनभर पाठवा.

तिरपी_रेघ:
ती पोस्ट माझीच. स्वतः सही करून मोकळा झाला आणि मग सही न करणाऱ्यांचा कैवारी, वा! नोकरी त्यांची गेली, चॅन्सलर हा झाला. आणि १९६४ गाळलंत ते सोयीस्करपणे. कॅम्पसच्या तोंडाशी पोरं टेबल टाकून राजकारणाची पत्रकं वाटायची, ते बंद. १ ऑक्टोबरला असंच टेबल टाकून बसलेल्या जॅक वाइनबर्गला पोलिसांच्या गाडीत घातलं तर पोरं गाडीभोवती ३२ तास बसून राहिली, पोरांचा पुढारी मारिओ सावियो टपावर चढून बोलला. डिसेंबरात स्प्राउल हॉल या प्रशासनाच्या इमारतीतून आठशेच्या आसपास पोरांना उचललं. वर्षभर आधी हार्वर्डला जाऊन 'मल्टिव्हर्सिटी' म्हणजे ज्ञानाचा उद्योग असली व्याख्यानं झोडत होता, मग पोरांना आपण कच्चा माल वाटलो तर चुकलं कुठे?

खडूफळा:
१९६४ ला बर्कलीचा चॅन्सलर एडवर्ड स्ट्राँग होता हो! टेबलांची बंदी त्याच्या ऑफिसातून निघाली, कर तेव्हा परदेशात. आधी कोण कुठल्या खुर्चीत होतं ते बघा, मग टपावर चढा.

तिरपी_रेघ:
आणि परत आल्यावर? बंदी चूक आहे हे कळूनही फिरवली नाही, हे त्यानेच नंतर कबूल केलंय. खुर्ची वरची होती ना? मग सहीचं पेन सापडेना?

शब्दवेल्हाळ:
मध्येच बोलतो, राग नसावा. चॅन्सलर म्हटलं की आपल्याकडे कुलपती, म्हणजे राज्यपाल, पदवीदानाला झगा घालून येणारे. बर्कलीचा चॅन्सलर रोज कारभार हाकतो, त्यामुळे कामाने तो आपला कुलगुरू. त्यात हिंदीत कुलपति म्हणजे आपले कुलगुरू. एका हिंदी बातमीवरून आमच्या स्टाफरूममध्ये राज्यपाल निलंबित झाले होते, दुपारपर्यंत.

सायकलवाली:
करचं एकच वाक्य मला पटतं. आधुनिक युनिव्हर्सिटी म्हणजे काय, तर पार्किंगच्या समान तक्रारीने एकत्र बांधलेले प्राध्यापक. २२ वर्षं शिकवतेय, याहून खरी व्याख्या बघितली नाही. आमच्याकडे नवीन शेड झाली, पत्र्याची, छान. पाटी लागली 'फक्त पदाधिकारी'. सीएचबीवाल्यांच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या, दुचाकी गेटबाहेर, पावसात. तासाप्रमाणे पैसे, तेही सहा सहा महिने मिळत नाहीत, आणि वर सीट ओली.

आडवाटेचा_प्रवासी:
मी बर्कलीत तीन वर्षं होतो. तिथे नोबेल मिळालं की राखीव पार्किंग मिळतं, 'एनएल' म्हणजे नोबेल लॉरिएट अशी पाटी असते. लोक बक्षिसापेक्षा त्या जागेचंच बोलतात.

सायकलवाली:
घ्या! म्हणजे शेडखाली गाडी लावायला आम्ही आता नोबेल आणायचं.

नियमानेच_चाला:
मॅडम, मी प्रशासनात आहे म्हणून सांगतो. जागा ४०, गाड्या १५०. कुणाला तरी बाहेर ठेवावंच लागतं. प्राध्यापकांना वाटतं आम्ही मुद्दाम करतो.

सायकलवाली:
मग ४० जागा सकाळी जो आधी येईल त्याला द्या की! साडेसातचा तास आम्ही घेतो, तुमचे पदाधिकारी अकराला उगवतात, तोवर शेड रिकामी, कुत्री झोपलेली असतात तिथे.

नियमानेच_चाला:
कुत्र्यांपर्यंत आलात म्हणजे मुद्दे संपले. आणि अकराला येणारे रात्री आठपर्यंत बसतात, ते बघायला तुम्ही नसता.

खडूफळा:
अहो, धागा करचा आहे. पार्किंगचा नवीन काढा.

सायकलवाली:
पार्किंगचं तुमच्या करनेच म्हणून ठेवलंय, मी फक्त त्याला अनुमोदन दिलं.

आडवाटेचा_प्रवासी:
मूळ मुद्द्यावर. माझा भाचा, बारावीला अगदीच बेतास बात. तिकडे दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढली, मग ट्रान्सफर घेऊन युनिव्हर्सिटीत, आज इंजिनिअर आहे. ही वाट त्या प्लॅनने धरून ठेवली. इकडे असता तर एका निकालावर शिक्का बसला असता. माझ्यापुरता विषय संपला.

तिरपी_रेघ:
एका भाच्यावर तुम्ही अख्खा प्लॅन पास केलात. बाकी भाचे आज कर्ज फेडतायत, ते विचारा. ट्यूशन नाही म्हणे!

खडूफळा:
फी कुणाच्या काळात सुरू झाली? रेगन १९६६ ला 'बर्कलीतली घाण साफ करतो' सांगत निवडून आला आणि फी लावायचं टुमणं त्याचंच. जानेवारी १९६७ मध्ये गव्हर्नर झाला, त्याच महिन्याच्या २० तारखेला रीजंट्सनी करला काढलं, १४ विरुद्ध ८. त्यावर हा म्हणतो, आलो तसाच गेलो, 'फायर्ड विथ एन्थ्युझियाझम', म्हणजे येताना उत्साहाने पेटलेला, जाताना उत्साहाने हाकललेला. कारकुनाला सुचतं का असलं?

आणि तुम्हाला जे माहीत नाही ते. २००२ ला एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेचे कागद बाहेर आले. तिचा प्रमुख हूवर, त्याच्या माणसांना हा कर डाव्यांना सामील वाटायचा, त्याला घालवायला ते पडद्यामागून खटपट करत होते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन त्याला मंत्रिमंडळात घेणार होते, तर एफबीआयने चौकशीच्या अहवालात खोटे ठरलेले आरोपसुद्धा घातले आणि ते पद गेलं. पोरांना हा सरकारचा माणूस वाटत होता आणि सरकारला पोरांचा. लवादाच्या नशिबी हेच असतं, आमच्या सोसायटीत चेअरमन होऊन बघा.

तिरपी_रेघ:
एफबीआयचं खरंच माहीत नव्हतं. ठीक आहे, 'केलं काहीच नाही' हे मागे घेतो. हूवर मागे लागला म्हणजे काहीतरी बरं केलंच असणार. कारकूनही मागे. मांडवली मात्र राहू द्या, आणि काढलेल्या प्राध्यापकांना परत घ्यायचा हुकूम १९५२ ला निघाला तो कोर्टातून, तुमच्या करच्या समितीतून नाही.

खडूफळा:
कोर्टाचं मान्य. उपकार झाले आमच्यावर.

नियमानेच_चाला:
सायकलवाली मॅडम, आयडीत सायकल आहे आणि भांडताय दुचाकीच्या शेडसाठी?

सायकलवाली:
सायकल सीएचबीवर होते तेव्हाची. आता स्कूटर आहे, आणि ती पण बाहेरच असते.