शब्दचर्चा : बिअर गाळतात, आंबवतात की काढतात?

पाणकणीस :
बव्हेरियातल्या १५१६च्या बिअरविषयक आदेशावरचा एक लेख जर्मनमधून मराठीत करते आहे. दोन ठिकाणी गाडी अडली. 'ब्राउएन' या क्रियापदाला मी 'बनवणे' लिहिलं होतं, संपादकांनी सरसकट 'गाळणे' केलं. आता इंगोलश्टाटपासून म्युनिकपर्यंत सगळे बिअर गाळत बसलेत. दुसरं म्हणजे 'लागर'ची त्यांनी 'साठवणीची बिअर' केली. गाळणे म्हणजे वाफ थंड करून थेंब पाडणे आणि बिअरमध्ये ते होत नाही, हे माझं म्हणणं. दारू गाळतात, बिअर ही दारू, विषय संपला, हे त्यांचं. काय लिहावं?

निवळशंख :
संपत नाही विषय. गाळणे, पाडणे ही हातभट्टीची क्रियापदं. 'बिअरची भट्टी' असंही छापून येतं, तेही चूक. सरळ 'आंबवणे' लिहा.

चोथा :
असहमत, दोन्हींशी. भट्टीही आहे आणि गाळणंही आहे, फक्त तुम्ही म्हणता त्या जागी नाही.
जव भिजवून मोड आणतात आणि मोड पुढे वाढू नयेत म्हणून ते भट्टीत वाळवतात. हेच माल्ट. फिकट माल्टला शेवटी साधारण ८० अंश, म्युनिक माल्टला १०० किंवा थोडं वर. बाम्बेर्गच्या राउखबीअरला धुराची चव येते ती याच भट्टीत बीचचं लाकूड जाळतात म्हणून.
मग माल्ट भरडून किलोला तीनेक लिटर गरम पाण्यात कालवायचं, हे कालवण म्हणजे मॅश. ६२-६४ अंशांवर अर्धा तास ठेवलं की आंबणारी साखर जास्त मिळते. ७२वर उरलासुरला स्टार्च फुटतो, पण त्यातली बरीचशी साखर आंबत नाही, बिअरला अंग तिच्यामुळे येतं. ७८ला आणून सगळा ऐवज लॉयटरबॉटिशमध्ये, म्हणजे तळाला चाळणी असलेल्या पिंपात ओतायचा. खरी गाळणी ती चाळणी नव्हे, तिच्यावर बसलेला चोथ्याचा थर. घाईने तोटी पूर्ण उघडली की हा थर दबून घट्ट होतो आणि धार बंद पडते. मग थर वरून चिरून सैल करा, पहिला गढूळ रस परत वर ओता, तासभर गेला. वरून शिंपडायचं पाणी ८०च्या पुढे गेलं तर सालांचा तुरटपणा उतरतो तो वेगळाच. याला गाळणं नाही तर काय म्हणायचं?

निवळशंख :
ते 'गाळून घेणे'. चहाही गाळतात, म्हणून 'चहा गाळला' म्हणजे चहा केला असं होत नाही. शिवाय 'लॉयटर्न'चा अर्थच निवळ करणे. इतकं नेमकं क्रियापद घरात असताना गाळणं कशाला?

यवागू :
मंडळी, मुळात 'बिअर' तरी का? संस्कृतात पिठाच्या मद्याला 'पैष्टी' आहे. नाहीतर 'यवसुरा' घ्या, म्हणजे जवाची दारू. आणि 'ब्राउएन' हे 'भ्रस्ज्' म्हणजे भाजणे या धातूचंच भावंड वाटतं. जव भाजूनच सुरुवात होते, पाहा.

चोथा :
अहो, 'ब्राउएन'च्या मुळाशी उकळणं, उसळणं आहे. भाजण्याशी फक्त ध्वनी जुळतो. असंच जुळवत बसलो तर 'बोक' बिअरही बोकडापासून आली म्हणावं लागेल. ती आली आइनबेक या गावावरून. बव्हेरियन तोंडात 'आइनपॉक'चं 'आइन बॉक' झालं, जर्मनमध्ये त्याचा अर्थ एक बोकड, म्हणून लेबलवर शिंगं आली.

निवळशंख :
आणि 'यवसुरा' तर वाइसबीअरला, म्हणजे गव्हाच्या बिअरलाच गळपटते. वाइत्सेनबीअर (तिचंच दुसरं नाव) म्हणून विकायची तर निम्म्याहून कमी गव्हाचं माल्ट चालत नाही. १५१६च्या यादीत जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी, बस्स. गहू नाहीच. तरी डेगेनबेर्ग घराण्याकडे गव्हाच्या बिअरचा खास हक्क होता. १६०२मध्ये त्यांचा वंश खुंटला आणि हक्क ड्यूक माक्सिमिलियानकडे गेला. मग तीच बिअर दरबाराचं मोठं उत्पन्न झाली. शुद्धतेच्या गोष्टी सांगताना हे कुणी सांगत नाही.

पाणकणीस :
त्यावरूनच तिसरी अडचण. 'राइनहाइट्सगेबोट'ला 'शुद्धता कायदा' लिहिलंय. चालेल?

चोथा :
लेखात १५१६च्या संदर्भात वापरत असाल तर जपून. हा शब्द १९१८मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळात पहिल्यांदा आला. ड्यूक विल्हेल्म चौथा आणि लुडविग दहावा यांच्या २३ एप्रिलच्या आदेशाचा बराचसा भाग दरांचा आहे. मायकेलमास ते सेंट जॉर्जचा दिवस, म्हणजे २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल, एक 'मास' (लिटरभराच्या आसपासचं माप) बिअर फार तर एक फेनिग (तिथलं नाणं) आणि उरलेल्या काळात दोन. जिन्नसांचं वाक्य त्यानंतर येतं. मोडणाऱ्याचं पिंप जप्त. यीस्टचं त्यात नाव नाही. मी 'दर व जिन्नस आदेश' लिहीन.

यवागू :
वाचणारा झोपेल. 'शुद्धता कायदा' रुळलाय, तोच ठेवा.

निवळशंख :
यवसुरा आणणाऱ्यांनी रुळलेल्याची बाजू घ्यावी, हे छान! असो. यीस्ट टाकण्याला मात्र 'विरजण लावणे' चपखल बसतं. आणि लागरला 'मुरवलेली'. साठवण कणगीत असते. इथं पदार्थ बदलतो.

चोथा :
विरजण मान्य. 'मुरवलेली' नाही. लागरचं यीस्ट तळाशी बसणारं, ८ ते १२ अंशांत काम करणारं. आठ-दहा दिवसांनी आंबणं संपत आलं की दोन दिवस १४-१६ अंशांवर आणतात, नाहीतर डायअसिटिल राहून लोण्याचा वास येतो. मग ० ते २ अंशांत चार ते आठ आठवडे. पण कोलोनची क्योल्श वर तरंगणाऱ्या यीस्टची असूनही थंडीत अशीच मुरते, ड्युसेलडॉर्फची आल्टही. 'मुरवलेली' म्हटलं की त्या दोघीही आत आल्या. त्यापेक्षा 'लागर'च ठेवा.

यवागू :
क्योल्श ही लागर नाही, हे कोलोनमध्ये मोठ्याने सांगा, ०.२ लिटरचा पेला फुकट मिळेल.

निवळशंख :
'शुद्धता'वर माझा आक्षेप वेगळा आहे. म्युनिकचं पाणी चुनखडीचं. गडद माल्ट हवी ती आम्लता पुरवतं, म्हणून तिथे आधी डुंकेल, म्हणजे गडद बिअर बहरली. फिकट माल्ट घेतलं की मॅशचा पीएच ५.६च्या वर राहतो, साखर नीट सुटत नाही, कडवटपणा खरखरीत होतो. बाहेरून आम्ल टाकायला नियमाची आडकाठी. मग काय करतात? लॅक्टिक आम्लाचे जिवाणू चढवलेलं झाउअरमाल्ट घालतात. ते माल्टच, म्हणून शुद्ध! उलट नोयत्सेल्लेच्या मठाच्या नावाने चालणाऱ्या ब्रुअरीने काळ्या बिअरमध्ये साखरेचा पाक घातला, तर 'बिअर' हा शब्द लावण्यासाठी २००५पर्यंत कोर्टात भांडावं लागलं. जिंकले ते.

चोथा :
झाउअरमाल्टला नावं ठेवू नका. १ टक्का घातलं की पीएच साधारण ०.१ उतरतो. ५.८वरून ५.५ हवा असेल तर ३ टक्के. ५ टक्क्यांच्या पुढे गेलात तर बिअर आंबट लागू लागते.

यवागू :
म्हणजे शुद्ध आंबट.

चोथा :
आंबटच हवी असेल तर बर्लिनर वाइसं आहे. तिच्यातलं आम्ल आंबवतानाच तयार होतं. तिचा वेगळा धागा काढा.