मदत हवी आहे: पाळणाघरात रडणं थांबतच नाहीये, अजून किती दिवस?

अधीर_आई
सोमवार, रात्री ११:४०

आज नववा दिवस. पाळणाघराच्या दारात पोहोचलो की मुलगी गळ्याला अशी मिठी मारते की एकेक बोट सोडवावं लागतं. मी दिसेनाशी झाले की किंकाळी. मी जिन्यात उभी राहून ऐकते आणि मग दिवसभर तेच कानात घुमतं. आणायला गेले की मला बघून परत रडायला लागते. घरी आल्यावर मला बाथरूमलाही जाऊ देत नाही, रात्री तीन-तीनदा उठते. आधी असं काहीच नव्हतं.

पाळणाघर चांगलं आहे, बघूनच घेतलंय. तिथल्या ताई म्हणतात, होईल सवय. पण कधी? पुढच्या सोमवारी माझी रजा संपतेय. माझ्या हातात एकच आठवडा आहे. ज्यांची मुलं पाळणाघरात रुळली त्यांनी स्पष्ट सांगा, किती दिवस लागले आणि काय केलंत? कृपया नुसतं 'धीर धरा' लिहू नका, तो धरूनच बसले आहे.

दोन_पिल्लांचा_बाबा
सोमवार, रात्री ११:५२

ताई, मुलगी किती महिन्यांची ते लिहिलंच नाही. आणि रोज किती तास ठेवता?

ठाम_मत
मंगळवार, सकाळी ६:३०

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रडणं बंद झालं. मूल हातात द्यायचं आणि निघायचं, मागे वळून बघायचंच नाही. आपण दारात जितकं रेंगाळतो तितकं मूल रडतं. तुम्ही जिन्यात थांबता हेच चुकतंय.

अधीर_आई
मंगळवार, सकाळी ७:०५

१६ महिन्यांची आहे. ९ ते ३. पहिल्या दिवसापासून तेवढाच वेळ, कारण महिनाभर सवय लावत बसायला वेळच नव्हता.

दोन_पिल्लांचा_बाबा
मंगळवार, सकाळी ७:२०

मग यात तिचं काहीच चुकत नाहीये. आई नजरेआड झाली की घाबरायचं, हे साधारण सहा-आठ महिन्यांपासून सुरू होतं आणि दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं. दोन-तीन वर्षांपर्यंत हळूहळू ओसरतं. आई गेली तरी ती कुठेतरी आहे, हे या वयात नुकतंच कळलेलं असतं. ती परत येणार, याची खात्री मात्र अजून नसते. आमच्या थोरलीला १४ महिन्यांची असताना घातलं, पाच आठवडे लागले. धाकटा अडीच वर्षांचा होता, तो चौथ्या दिवशी आम्हाला 'जा' म्हणाला. दोन्ही मुलं एकाच घरातली, पाळणाघरही तेच. त्यामुळे ठाम_मत, तुमचा तिसरा दिवस सगळ्यांना लागू होत नाही.

स्वावलंबन
मंगळवार, सकाळी ९:१५

पाळणाघरात घालण्याआधी डायपर सोडवलाय का? आम्ही आधी ते केलं. दर दीड तासाने पॉटवर बसवायचं, आठवडाभर घरात डायपर घालायचाच नाही, ओलं झालं तरी रागवायचं नाही. मूल स्वतंत्र झालं की त्याचा आत्मविश्वास वाढतो. पॉट कुठला घ्यावा ते हवं असेल तर सविस्तर लिहीन.

अधीर_आई
मंगळवार, सकाळी ९:४०

डायपरचा प्रश्नच नाहीये हो. रडण्याबद्दल विचारलंय.

पाळणाघरातली_मावशी
मंगळवार, दुपारी २:१०

२२ वर्षं हेच काम करतेय म्हणून लिहिते. आधी चार गोष्टी सांगा. निघताना तिला सांगून निघता की ती खेळण्यात गुंतली की हळूच सटकता? दारात तिला घ्यायला रोज एकच बाई येतात की बदलतात? तिथे झोपते का, खाते का? आणि तुम्ही गेल्यावर किती वेळ रडते? 'थोडा वेळ' हे उत्तर घेऊ नका. किती मिनिटं रडली आणि कुणाच्या कडेवर शांत झाली, असं नेमकं विचारा.

डायपरचं एवढंच सांगते की १६ महिन्यांत बहुतेक मुलांची तयारीच नसते, आणि एक मोठा बदल चालू असताना दुसरा मध्ये आणू नये.

कडेकपारी
मंगळवार, दुपारी ३:३०

कुणी स्पष्ट बोलत नाही म्हणून मी बोलतो. तीन वर्षांच्या आतलं मूल आईपासून दूर ठेवूच नये. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी हे कधीच सांगून ठेवलंय. ती मुलगी नऊ दिवस रडून तेच सांगतेय आणि आपण तिला गप्प करायचे उपाय शोधतोय.

पुराव्याने_शाबीत
मंगळवार, सायंकाळी ५:००

बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला, तो घरच नसलेल्या, संस्थांमध्ये वाढणाऱ्या मुलांबद्दल होता. संध्याकाळी आईच्या कुशीत परत जाणाऱ्या मुलाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. अमेरिकेत १९९१ साली तेराशेहून जास्त मुलांचा जन्मापासून अभ्यास सुरू झाला. त्यात असं दिसलं की मूल पाळणाघरात जातं की नाही, एवढ्यावरून त्याचं आईशी नातं किती घट्ट हे ठरत नाही. आई मुलाच्या खाणाखुणा किती ओळखते आणि प्रतिसाद देते, याचा वाटा मोठा होता.

कडेकपारी
मंगळवार, सायंकाळी ५:२५

त्याच अभ्यासात जास्त तास बाहेर राहणाऱ्या मुलांमध्ये हट्ट आणि मारामारी थोडी जास्त दिसली होती, ते का गाळलंत?

पुराव्याने_शाबीत
मंगळवार, सायंकाळी ५:४०

गाळत नाही, ते खरं आहे. फरक लहान होता, पण होता. म्हणून तर तास किती आणि सांभाळणारी माणसं कशी, हे विचारायचं. ताईंनी नोकरी करावी की नाही हे कुणी विचारलेलं नाही.

अधीर_आई
मंगळवार, रात्री ९:३०

कडेकपारी, नोकरी सोडणं मला शक्य नाही. तो विषय इथे नको, विनंती आहे.

मावशी, उत्तरं लिहिते. सांगून निघत नाही. तिथल्या ताईच म्हणाल्या, लक्ष नाही तोवर जा म्हणजे रडणार नाही. पहिले तीन दिवस तसं केलं, आता ती माझी ओढणीच सोडत नाही. दारात कधी एक ताई असतात, कधी दुसऱ्या. एकदा तर स्वयंपाकाच्या बाईंनी घेतलं. दोघी ताई मिळून अकरा मुलं सांभाळतात. खाते अगदी थोडं. झोपत नाही, म्हणून दुपारी टीव्हीसमोर बसवतात, मग गप्प असते. आणि इतर मुलांशी अजिबात खेळत नाही, एकटीच ठोकळे घेऊन बसते. याचीही काळजी वाटते.

दोन_पिल्लांचा_बाबा
मंगळवार, रात्री ९:५०

अहो ताई, खरी माहिती आत्ता आली. दोघींत अकरा मुलं, आणि त्यात तान्ही किती?

पुराव्याने_शाबीत
मंगळवार, रात्री १०:०५

तुलनेसाठी सांगतो. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक माणूस लागतो. दोन वर्षांच्या मुलांसाठी आधी चार होती, सप्टेंबर २०२३ पासून पाच केली आणि त्यावरही बरीच नाराजी झाली. टीव्हीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच. दोन वर्षांच्या मुलालाही दिवसाला फार तर एक तास.

एकटीच खेळते याची काळजी मात्र करू नका. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात शेजारी बसून आपापलं खेळणं हा वेगळाच प्रकार आहे. या वयात ठोकळे शेजारी मांडून बसणं हीच सोबत. मिळून खेळणं तीनच्या पुढे रंगतं.

ठाम_मत
मंगळवार, रात्री १०:२०

आमच्याकडे अर्धा तास टीव्ही लावायचे. मुलगा आता चांगला शिकतोय. प्रत्येक गोष्टीचा एवढा बाऊ नको.

सर्दी_खोकला_ताप
मंगळवार, रात्री १०:४५

रडणं थांबेल हो, खरी तयारी आजारपणाची ठेवा. दोन वर्षांखालच्या मुलांना वर्षाला आठ-दहा सर्द्या होणं नेहमीचंच, आणि पाळणाघराच्या पहिल्या वर्षात त्या एकामागून एक येतात. बहुतेक विषाणूंमुळे होतात, त्यामुळे दर वेळी अँटिबायोटिक मागू नका. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड येणारा आजारही अशा ठिकाणी भराभर पसरतो. नियम आधीच विचारून घ्या. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर ते फोन करतात का, औषधाशिवाय पूर्ण दिवस ताप नसल्याशिवाय मूल परत घेतात का? ऑफिसमध्येही आत्ताच सांगून ठेवा की पहिल्या काही महिन्यांत अचानक रजा लागतील.

पाळणाघरातली_मावशी
बुधवार, सकाळी ६:१५

उशीर झाला, पण नीट लिहायचं होतं.

सटकणं आजपासून बंद करा. माझ्याच क्षेत्रातली बाई असा सल्ला देते याचं वाईट वाटतं. मूल खेळायला वळतं, परत बघतं तर आई नाही. असं दोन-तीनदा झालं की ते खेळायलाच वळत नाही, कारण खेळायला वळलं की आई जाते, हे त्याला कळलेलं असतं. तुमची ओढणी ती म्हणूनच धरून ठेवते. तिच्या डोळ्यांत बघून सांगा, 'आई जाते, झोप झाली की येते.' एक पापा, आणि निघा. ती रडणार, तरी सांगून निघा. ठाम_मत म्हणतात त्यातलं रेंगाळायचं नाही एवढं खरं आहे, पण न सांगता जाणं वेगळं आणि सांगून पटकन जाणं वेगळं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, तिला एक माणूस हवं. आज ही ताई, उद्या ती, परवा स्वयंपाकघरातून कुणी, मग तिने कुणाला धरायचं? आजच जाऊन सांगा की पुढचे दोन आठवडे दारात तिला एकाच ताईने घ्यायचं, खाऊ त्यांनीच भरवायचा, थोपटायचंही त्यांनीच. चांगलं पाळणाघर याला नाही म्हणत नाही. म्हणालं तर दुसरं बघा.

आमच्याकडे येणाऱ्या पालकांना मी बर्लिनच्या पद्धतीचं सांगते. जर्मनीत ती रूढ आहे. पहिले तीन दिवस पालक मुलासोबत तासभर खोलीत बसतात आणि बरोबर घेऊनच परत जातात. चौथ्या दिवशी निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर. सांभाळणारीच्या कडेवर मूल शांत झालं तर अर्ध्या तासापर्यंत थांबायचं, नाही झालं तर लगेच परत यायचं. मग हळूहळू वेळ वाढवायचा. तुमचे पहिले दिवस गेले, पण या आठवड्यात रजा आहे ना? मग आज आणि उद्या आत जाऊन बसा. कोपऱ्यात बसा, तिला खेळवू नका, ताईंना खेळवू द्या. आपली आई या बाईशी हसून बोलते, हे तिला दिसू दे.

तुम्हाला बघून रडते ते तर चांगलं लक्षण. दिवसभर आवरून धरलेलं मूल हक्काच्या माणसापाशी मोकळं होतं. घरी आल्यावर अर्धा तास फोन, काम काही नको, नुसती मांडीवर घ्या. रात्रीचं उठणंही त्याच ओघात हळूहळू कमी होईल.

स्वावलंबन
बुधवार, सकाळी ८:००

मावशींचं पटलं. पॉटचं नंतर लिहीन.

पहिलटकर
बुधवार, सकाळी ११:३०

धागा चालूच आहे म्हणून विचारते, माझा मुलगा पाळणाघरात चावायला लागलाय. दोन पालकांच्या तक्रारी आल्या. काय करू?

दोन_पिल्लांचा_बाबा
बुधवार, दुपारी १२:१०

वेगळा धागा काढा ना, उत्तरं चांगली मिळतील. दोन वर्षांच्या आसपास शब्द कमी पडतात म्हणून पुष्कळ मुलं चावतात. कधी, कुणाला आणि कशावरून चावला ते आठवडाभर लिहून ठेवा. आमच्याकडे त्यावरून कळलं की दरवेळी जेवणाआधीच्या पंधरा मिनिटांत व्हायचं. जेवणाची वेळ अलीकडे आणली आणि थांबलं.

कडेकपारी
बुधवार, रात्री ८:४५

अधीर_आई, माझं बोलणं लागलं असेल तर माफ करा. सोडायला बाबा गेले तर बघा. आमचा नातू आईच्या कडेवरून उतरत नव्हता, वडिलांच्या कडेवरून उतरला.

अधीर_आई
शनिवार, सकाळी १०:२०

उशिरा लिहितेय. बुधवारी आणि गुरुवारी आत बसले. ताईंना जरा अवघडल्यासारखं झालं, पण हो म्हणाल्या. मोठ्या ताईंनीच तिला घ्यायचं ठरलं. गुरुवारी मी सांगून वीस मिनिटं बाहेर गेले. रडली, दारापाशी चपलांजवळ जाऊन माझी एक चप्पल उचलली आणि ती छातीशी धरून बसली. ताईंनी चप्पल काढून घेतली नाही, शेजारी बसून राहिल्या. मी आले तेव्हा चप्पल हातातच होती, पण दुसऱ्या हाताने ठोकळे लावत होती.

काल नवरा उशिरा कामावर गेला आणि त्याने सोडलं, दोन तासांसाठी. ताईंना नेमकं विचारलं. सहा मिनिटं रडली. आणि ताईंच्या मांडीवर, बूट काढायच्या आधीच झोपली. गेल्या तेरा दिवसांत तिथे पहिल्यांदा झोपली.

टीव्हीचं बोलले. दुपारी नाही लावणार म्हणाल्या, पण अकरा मुलांत दोघी असताना किती जमेल कोण जाणे. तान्ही तीन आहेत. महिनाभर बघणार आहे. दुसऱ्या एका ठिकाणी नावही नोंदवून ठेवलंय. ऑफिसात पहिला आठवडा अर्धा दिवस मागितला, तीन दिवस मिळालेत.

मावशी, एकच विचारायचं राहिलं. सोमवारी माझी ओढणी तिच्याबरोबर देऊ का? बॅगेत ठेवू की हातात देऊ?

पाळणाघरातली_मावशी
शनिवार, सकाळी १०:५५

तुमच्या वासाचं काहीतरी द्याच, पण ओढणी नको, झोपेत गळ्याला गुंडाळली जाते. वापरलेला हातरुमाल द्या. न धुता द्या, आणि हातातच द्या. तसाच आणखी एक घरी ठेवा, पहिला आठवडाभरात हरवतोच. ताईंनाही सांगून ठेवा की तो धुवायला टाकायचा नाही.